नववी जागा

पाच मिनिटांच्या कामासाठी तेराशे किलोमीटर आलेली बाई, असं त्सेर्माने नंतर शेजारच्यांना सांगितलं, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. दुल्मा उलानबातरहून विमानाने उलानगोमला उतरली, तिथून भाड्याच्या जीपमध्ये चार तास हाडं खिळखिळी करून घेत चुल्तेम आजोबांच्या गेरपाशी, त्यांच्या लोकरी तंबूपाशी, पोचली. आणि काम काय, तर त्यांच्याकडच्या जुन्या पोथीतल्या एका अक्षराचा फोटो काढायचा. एकाच अक्षराचा.

पण त्या एका अक्षरावर दुल्माची सात वर्षं खर्ची पडली होती. उलानबातरच्या भाषासंस्थेत तिच्याकडे तोद लिपीचं काम होतं. मंगोलियाच्या पश्चिमेकडच्या ओइरात लोकांसाठी पावणेचारशे वर्षांपूर्वी एका लामाने घडवलेली ही लिपी, वरून खाली उतरत जाणारी. आता ती सरसर वाचणारी माणसं बोटांवर मोजावी इतकीच उरलेली. फोनवर किंवा कॉम्प्युटरवर अक्षर उमटायचं तर त्याला क्रमांक लागतो. दूर परदेशात एक समिती बसते आणि जगातल्या यच्चयावत लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देते. ज्याला क्रमांक नाही, त्याच्या जागी पडद्यावर नुसता चौकोन येतो. तोद लिपीची बहुतेक अक्षरं केव्हाच आत गेली होती. राहून गेलेल्या चौदा अक्षरांचा तक्ता दुल्माने केला होता, आणि येत्या गुरुवारी तो समितीकडे जायचा होता. त्यातली तेरा अक्षरं इतरांनीही पाहिलेली, नोंदवलेली होती. नववं मात्र तिचं एकटीचं.

ते तिला पहिल्यांदा दिसलं सरकारी ग्रंथालयातल्या एका फाटक्या पोथीत. एक आकडी आणि तिच्या पोटात दोन ठिपके. कुठल्याच तक्त्यात नसलेलं. मग त्याच तालुक्यातल्या, वेगवेगळ्या हातांनी लिहिलेल्या आणखी दोन पोथ्यांत सापडलं. दुल्माने त्यावर निबंध लिहिला. पश्चिमेच्या बोलीतून नाहीसा झालेला घशातला एक ‘ख’ या अक्षराने लिहीत असावेत, असं तिने मांडलं, आणि ते लोकांना पटलं. तिला स्वतःला तर इतकं पटलं होतं की घरी भांडी घासताना ती तो ‘ख’ घशातून काढून बघायची. तिचे गुरू जाण्याआधी म्हणाले होते, “अभ्यासकाला जन्मात एखादं अक्षर मिळतं. तुला तुझं मिळालं.” हे वाक्य ती कुणाला सांगत नसे, पण विसरतही नसे.

समितीचा नियम असा, की एकदा आत घेतलेलं अक्षर पुन्हा बाहेर काढत नाहीत. चुकीचं निघालं तरी नाही. ती चूक मग कायमची. म्हणून समितीतल्या एका गृहस्थांनी पत्र पाठवून विचारलं, या तिन्ही पोथ्या ज्या पोथीवरून उतरवल्या, ती कुठे आहे? हे गृहस्थ स्वतः आयुष्यात पोथीला हात न लावता उंटावरून शेळ्या हाकणारे. पण प्रश्न रास्त होता. दुल्माने फोनाफोनी केली, आणि चुल्तेम आजोबांचा पत्ता लागला.

चुल्तेम आजोबा चौऱ्याऐंशीचे. कान तीक्ष्ण, डोळे कामापुरते. तपकिरीची डबी देऊन-घेऊन झाली, मिठाचा चहा झाला, गुरंढोरं कशी आहेत, गवत कसं आहे हेही विचारून झालं, तेव्हा दुल्माने हळूच विषय काढला.

“फोटो ना? काढ की,” आजोबा म्हणाले. “पण पोथी एकदा सोडली की शेवटपर्यंत वाचल्याशिवाय बांधता येत नाही. हे तुला ठाऊक असेलच.”

दुल्माला ठाऊक नव्हतं. ग्रंथालयात पोथ्या पाहिजे तेव्हा सोडतात आणि पाहिजे तेव्हा बांधतात.

“किती पानं आहेत, आजोबा?”

“शंभराला चार कमी.”

“आणि वाचायला किती वेळ?”

“माझ्या आईला अर्धा दिवस लागायचा. माझं काय, ते या डोळ्यांना विचार.”

आजोबांची सून त्सेर्मा चुलीत गोवऱ्या सारत होती. पन्नाशी ओलांडलेली, हाताने चटपटीत आणि जिभेने त्याहून. “ताई, कोट काढा आणि ऐसपैस बसा,” ती म्हणाली. “तुमचं पाच मिनिटांचं काम संध्याकाळपर्यंत उरकेल. तो तुमचा जीपवाला घोरायला लागलासुद्धा.”

आजोबांनी हात धुतले, उत्तरेकडच्या पेटीवरून पोथी उतरवली आणि निळं कापड एकेक पदर करून सोडलं. लांब, सुटी पानं. अक्षर बारीक आणि एकसारखं. “आईचं,” ते म्हणाले, आणि वाचायला लागले.

दुल्माने रेकॉर्डर लावला. तिच्या मनात आता एक नवाच लोभ जागा झाला होता. फोटो तर मिळणारच होता. पण या अक्षराचा उच्चार आजवर कुणीही ऐकलेला नव्हता. तिने तो कागदावर, तर्काने बसवला होता. आता तो एका जित्याजागत्या माणसाच्या तोंडून ऐकू येणार होता. सातव्या पानावर, पहिला अध्याय संपता संपता, तिला ती आकडी दिसली. आकडीच्या पोटात दोन ठिपके.

आजोबा तिथपर्यंत आले, थांबले, मान खाली घातली, आणि पुढचं वाचायला लागले.

दम लागला असेल, असं दुल्माने मनाशी म्हटलं. दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी पुन्हा तेच. थांबले, मान खाली, पुढे. तिसऱ्या अध्यायाच्या शेवटीही तेच, तेव्हा तिला चैन पडेना. वाचताना मध्ये बोलायचं नाही एवढी रीत तिलाही कळत होती. चोविसाव्या पानावर आजोबांनी चहासाठी पानं खाली ठेवली, तेव्हा तिने संपूर्ण तळहाताने, अदबीने, त्या जागेकडे दाखवलं.

“आजोबा, हे अक्षर तुम्ही वाचलं नाहीत.”

“ते कसं वाचणार?” आजोबा म्हणाले. “ते आईने लिहिलेलंच नाही.”

“लिहिलंय की. हे काय इथे.”

त्सेर्माला हसू आवरेना. तिने किटली खाली ठेवली. “अहो ताई, अक्षर कसलं ते? सासऱ्याचं नाव आहे ते. सून घेईल का? आता मीच बघा. तीस वर्षं झाली या घरात येऊन, पण यांचं नाव माझ्या तोंडून एकदा जरी गेलं असेल तर जीभ झडो. बँकेत कागदावर लिहायची वेळ आली की नवऱ्याला पुढे करते. तो नसला की म्हणते, आमच्या सासऱ्यांचं नाव अवघड आहे हो साहेब, तुम्हीच कार्डावर बघा. आता सगळी बँक मला ओळखते, अवघड नावाची सून म्हणून.”

ही रीत तिला नवी का होती? तिची स्वतःची आई सासूचा विषय निघाला की ‘त्या अवघड नावाच्या’ असंच म्हणायची, आणि लहानपणी दुल्माला वाटायचं की आजीचं नाव खरोखरच उच्चारायला कठीण असणार. परदेशातल्या समितीला हे माहीत नसणं समजण्यासारखं होतं. तिने मात्र सात वर्षं काखेत कळसा ठेवून गावाला वळसा घातला होता.

आजोबांनी सगळं सांगितलं, चहाचे घोट घेत, अगदी साधेपणाने. पोथी मुळात त्यांच्या आजोबांची. ते तालुक्याचे लेखनिक होते. प्रत्येक अध्यायाच्या शेवटी त्यांनी लिहून ठेवलं होतं, या वाचनाचं पुण्य अमुकच्या घराला लागो, आणि अमुकच्या जागी स्वतःचं नाव. सुनेला, म्हणजे चुल्तेम आजोबांच्या आईला, लिहायला-वाचायला त्यांनीच शिकवलं. अडतीस साली एका सकाळी सरकारची माणसं आली आणि लेखनिकाला व त्यांच्या मुलाला, दोघांनाही, घेऊन गेली. सून सुंजिदमा तेव्हा तीन महिन्यांची गरोदर. तिने पोथी डोंगराच्या दगडगोट्यांत पुरली. वीस वर्षांनी उकरून काढली, तर ओलीने खाल्लेली. हात लावला की पानांचा भुगा व्हायचा. त्या उन्हाळ्यात तिने भुगा होण्याआधी एकेक पान उतरवून घेतलं. सासऱ्याचं नाव आलं की आकडी आणि दोन ठिपके.

“पुढे तिघांनी आईच्या पोथीवरून आपापली पोथी केली,” आजोबा म्हणाले. “त्यांनी दिसलं तसं उतरवलं. कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं. कुणी विचारलं नाही.”

दुल्माने रेकॉर्डर बंद केला. “नाव काय होतं, आजोबा?”

त्सेर्माने मान फिरवून चुलीकडे पाहिलं. तिला हे ठाऊक असावं.

“मला माहीत नाही,” आजोबा म्हणाले. “लोक त्यांना लेखनिकच म्हणायचे. आईला विचारलं, तर म्हणाली, माझ्या तोंडून नको, तुझ्या आत्याला विचार. मी सैन्यातून सुटून येईपर्यंत आत्या गेली होती. पोथी उकरली तेव्हाही मी सैन्यातच होतो; आणि ही लिपी तरी मला कुठे येत होती, ती आईनेच नंतर शिकवली. माझ्या नावापुढेही वडिलांचं नाही, आईचं नाव लागलंय. मग नव्वद साल उलटल्यावर, त्या काळी नेलेल्या माणसांच्या याद्या निघाल्या. मी उलानगोमला कचेरीत गेलो. तिथली मुलगी चांगली होती हो. म्हणाली, आजोबा, नाव सांगा, लगेच शोधून देते.” ते किंचित हसले. “नाव विचारायलाच तर गेलो होतो.”

सुनेने मान इतका राखला, की नावच राहिलं नाही. दुल्माला त्या न पाहिलेल्या बाईचा रागही आला आणि तिच्यासाठी गलबलूनही आलं.

“असो,” आजोबा म्हणाले. “पण ते जातंय ना फोनमध्ये? मी सगळीकडे सांगून ठेवलंय. आईची खूण आता सगळ्या जगाच्या फोनात. एकदा गेलं की कुणी काढू शकत नाही, असं तूच फोनवर म्हणाली होतीस.”

“म्हणाले होते,” दुल्मा म्हणाली.

आता तिला फक्त गप्प बसायचं होतं. समितीला कळवायचं, मूळ पोथी पाहिली, चिन्ह त्यात आहे. त्यातला शब्दही खोटा ठरला नसता. अक्षर आत गेलं असतं, निबंध टिकला असता, गुरूंचा शब्द खरा झाला असता, आणि एका म्हाताऱ्याचं आयुष्यभराचं दुःख थोडं हलकं झालं असतं. पाप करताना इतक्या जणांचं भलं होण्याची संधी माणसाला क्वचितच मिळते. तिने चहाचा वाडगा उचलला आणि जवळजवळ ठरवलंच.

“मला एक सांग,” आजोबांनी उशीजवळचा फोन उचलून दाखवला. “हा मला रोज हवामान वाचून दाखवतो. बाई बोलते आतून. उद्या पोथीही वाचेल ना असाच?”

“वाचेल, आजोबा. अक्षरं आत गेली की तेही करता येईल.”

“आणि तिथे आला की गप्प राहील. आईसारखा.”

तो प्रश्नही नव्हता. ‘हो’ म्हटलं असतं तर ते पुन्हा विचारणार नव्हते, आणि पोथी वाचणारा फोन त्यांच्या हयातीत येणारही नव्हता. दुल्माने वाडगा खाली ठेवला.

“नाही राहणार,” ती म्हणाली. “तक्त्यात प्रत्येक अक्षरापुढे उच्चार द्यावा लागतो. मी तिथे ‘ख’ लिहिलाय. तो ‘ख’ म्हणेल.”

“ख?”

“घशातला.”

आजोबांनी तो म्हणून पाहिला, एकदा, दोनदा. घसा जुना असल्याने त्यांना तो दुल्मापेक्षा छान जमला. “हे त्यांचं नाव नाही,” ते म्हणाले.

“नाही.”

“पण सगळ्यांचे फोन असंच म्हणणार?”

“सगळ्यांचे. शाळेतली मुलंही असंच शिकतील. आणि ते पुन्हा कधी काढता येणार नाही.”

आजोबांनी पोथीच्या त्या पानाकडे पाहिलं. आईने जन्मभर जे तोंडातून जाऊ दिलं नाही, त्या जागी आता उद्या कुणीही उठून ‘ख’ म्हणणार होतं. त्यांचा चेहरा पडला, आणि तो आपण पाडला हे दुल्माला स्पष्ट दिसत होतं.

“मी काढते ते,” ती म्हणाली.

“माझ्यासमोर काढ,” आजोबा म्हणाले. “रागावू नकोस, पोरी. शहरात पोचेपर्यंत माणसाचं मन बदलतं.”

हे तिला लागलं, कारण ते खरं होतं. तिने लॅपटॉप काढून मांडीवर घेतला आणि आजोबांना दिसेल असा वळवला. चौदा ओळींचा तक्ता. नवव्या ओळीत ती आकडी, पुढे उच्चार, पुढे पुरावा म्हणून तीन पोथ्यांची नावं, आणि शेवटी बारीक अक्षरात तिचं स्वतःचं नाव. तिने ओळ निवडली आणि पुसली. तिला रडू आलं, आणि ते स्वतःच्या अक्षरासाठीच आलं. सात वर्षं ही काही थोडी नव्हेत. त्सेर्माने तिच्या वाडग्यात चहा ओतला आणि वर लोण्याचा मोठा गोळा टाकला.

आजोबा पडद्याकडे बघत होते. “हे काय? खालचं वर आलं.”

“जागा रिकामी झाली ना, म्हणून दहावं नवव्यावर सरकलं.”

“हं,” आजोबा म्हणाले. “आमच्याकडेही तसंच झालं. त्यांना नेलं, त्याच महिन्यात नवा लेखनिक आला. त्याच टेबलाशी बसायचा, त्याच दौतीत बोरू बुडवायचा. चांगला माणूस होता, त्याचा काही दोष नाही. पण आईला शिक्का मारून घ्यायला तिथेच जावं लागायचं.”

दुल्मा पडद्याकडे बघत राहिली. मग तिने दहाव्या अक्षराला पुन्हा दहाव्या जागी नेऊन ठेवलं. अकराव्याला अकराव्या. नववी ओळ तशीच कोरी ठेवली. अशा तक्त्यांत मधूनमधून रिकाम्या जागा असतात. पुढेमागे काही सापडलं तर हाताशी असाव्यात म्हणून सोडलेल्या. क्रमांक असतो, अक्षर नसतं. कुठलाही फोन तिथे काही म्हणत नाही.

“आता ही जागा अशीच जाईल,” ती म्हणाली. “यात खूण नसेल. ‘ख’ही नसेल. तुमच्या आईची आकडी फोनवर कधी दिसणार नाही, आजोबा. लोकांना जाऊन आता नाही म्हणून सांगावं लागेल.”

“सांगेन,” आजोबा म्हणाले. “पण जागा राहील?”

“राखीव म्हणून लिहिते. कारण द्यावं लागेल.” तिने बोटं कळांवर ठेवली. समितीला पटेल असं चांगलंसं कारण तिला दहा प्रकारे लिहिता आलं असतं, आणि त्यातलं एकही आता आठवेना. “काय लिहू?”

आजोबा विचारात पडले. उत्तर त्सेर्माने दिलं, किटलीवर झाकण ठेवत. “त्यात काय विचार करायचा? लिहा, इथे घरातलं मोठं माणूस बसलंय.”

दुल्माने तसंच लिहिलं, आपल्या भाषेत, एकही शब्द न बदलता. गुरुवारनंतर त्या उंटावरच्या गृहस्थांचं पत्र येणार, हे तिला दिसत होतं. मग सगळ्यांसमोर कबूल करावं लागणार होतं, की आपला तो गाजलेला ‘ख’ म्हणजे एका सुनेने घट्ट मिटलेलं तोंड होतं. निबंध मागे घ्यावा लागणार होता. संस्थेत चार जण हसणार होते, आणि त्यातले दोघे मनापासून.

“तिथे उद्या दुसरं कुणी येऊन बसणार नाही ना?” आजोबांनी विचारलं.

दिवसभरात खोटं बोलायची ही तिला मिळालेली तिसरी संधी. “ते माझ्या हातात नाही, आजोबा,” ती म्हणाली. “मी असेपर्यंत मी अडवीन.”

“आईनेही तेवढंच केलं,” ते म्हणाले, आणि पंचविसावं पान उचललं.